म्होरक्या जिवंत पाहिजे होता

दादा,

वणीच्या चौकात तुझा बॅनर लागला आहे. फोटो कुणाच्या तरी लग्नातला, हातातली बिडी कापून टाकलेली, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘शांत, संयमी व मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व’. मी ऑटो थांबवून ते पुन्हा वाचलं. तू असतास तर छापणाऱ्याला आधी चौकात ओढून आणलं असतंस. ‘हा कोन व्हय बे? माह्या फोटोखाली दुसऱ्याचं काहून छापलं?’ आणि त्याचं उत्तर यायच्या आत त्याच्या कानाखाली बसली असती. मला हसू आलं, आणि हसता हसता रस्त्यावरच रडू फुटलं. ऑटोवाला बिचारा तोंड फिरवून बसला.

तेव्हा मी तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं लिहिणार नाही. तू शांत नव्हतास. तू हट्टी, तोंडाळ, मारकुटा माणूस होतास, आणि तुझं-माझं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. ते मध्येच टाकून तू उठून गेलास. भांडणातून उठून जाणं हे काही तुझं काम नव्हे. आज तुझी तेरवी आटोपली. मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, घासलेली भांडी अंगणात पालथी पडली आहेत, वहिनी आत भिंतीला टेकून बसली आहे, आणि मी तुझ्या ओसरीवर तुझ्याच खाटेवर बसून हे लिहिते आहे. माझ्या उजव्या हातावर वरण सांडून फोड आले आहेत. ते कसे आले ते शेवटी सांगते. तुला ऐकायला आवडेल.

भांडण सुरू झालं तुझ्या एका शिकवणीपासून. खाणीतून कोळसा भरून निघालेले ट्रक ज्या काट्यावर तोलले जातात, तिथली रांग म्हणजे तुझं राज्य होतं. जो आधी आला त्याची गाडी आधी तोलली जाणार, हा तुझा कायदा. ठेकेदाराच्या गाड्या मध्ये घुसल्या की तू आपल्या ट्रकमधून खाली उतरायचास, हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन. मी कॉलेजात होते तेव्हा एकदा डोक्याला टाके घालून घरी आलास, शर्ट वाळलेल्या रक्ताने ताठ झालेला, आणि चहाचा फुरका मारत मला म्हणालास, “नंदे, पन्नास जन अंगावर आले तं पन्नासाइले नाही मारत. पह्यला गोटा कोनं मारला थो पाह्यचा. थो म्होरक्या. त्याले धरून हाणला का बाकीचे चपला सोडून पयते.”

आई म्हणाली, “पोरीले हे शिकवतं का तू?” तू म्हणालास, “कोनं शिकवावं मंग?”

मी भित्री होते. शाळेत कोणी वेणी ओढली तरी मी गप्प बसायची आणि मग तू जाऊन त्याचा दात पाडून यायचास. मला पुढे शिकायचं होतं तेव्हाही मी बाबांसमोर गप्पच बसले होते. पाहुणे बघायला आले, पसंती झाली, आणि बैठकीत मुलाचे मामा म्हणाले की शिक्षण आता पुरे. तू चहाचा ट्रे घेऊन उभा होतास. तो तू मामांच्या मांडीवर उपडा केलास आणि म्हणालास, ‘हात घसरला.’ बाबांनी तुला त्या दिवशी पट्ट्याने मारलं. मी नागपूरला एम. एस्सी.ला गेले ते त्या पट्ट्याच्या जोरावर. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आज म्हणते. माझ्या डिग्रीवर विद्यापीठाच्या शिक्क्यापेक्षा तुझ्या पाठीवरच्या वळांचा अधिकार जास्त आहे.

मी नागपूरच्या लॅबमध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरवर काम करायला लागून बराच काळ झाल्यावर तुझ्या लघवीतून रक्त आलं. याला योगायोग म्हणायचं की नशिबाची थट्टा, ते तूच ठरव. तू ते किती तरी दिवस लपवलंस. वहिनीला सांगितलंस, उन्हाळी लागली आहे. सब्जाचं पाणी प्यायलास, धने प्यायलास, बिडी मात्र सोडली नाहीस. मग एक दिवस रक्ताच्या गाठी अडकून लघवीच बंद झाली आणि तू काट्यावर गडबडा लोळलास. ज्यांना तू मारलं होतंस त्यांनीच तुला उचलून गाडीत घातलं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून गाठ खरवडून काढली. ‘काढली, पण ही परत येते,’ असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. तू मला विचारलंस, “खरवडली तं परत कशी येते वं?” मी तुला समजेल असं सांगायला गेले. म्हटलं, गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. बहुतेक नुसती गर्दी असते. त्यात थोड्या अशा असतात की त्यातली एक जरी मागे राहिली तरी ती पुन्हा सगळी गाठ उभी करते. औषधाने गर्दी मरते, त्या दबा धरून बसतात. आम्ही त्यांना मूळपेशींसारख्या पेशी म्हणतो, आणि त्या वेगळ्या काढून ओळखणं हेच माझं काम आहे.

तुझे डोळे चमकले. “म्हन्जे म्होरक्या.”

मी म्हटलं, “तसंच समज.”

तिथून पुढे तुझ्या रोगाला नाव पडलं. मी फोन केला की तू आधी विचारायचास, “सापडला का?” तू औषध घ्यायचास, गाठ परत येऊ नये म्हणून मूत्राशयात नळीने सोडतात त्या लसीची आग दात खाऊन सहन करायचास, एकदा तर चिडून आत फुगा फुगवून अडकवलेली लघवीची नळी तशीच ओढून काढलीस आणि दवाखान्याच्या भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडाले, तुला धरायला आलेल्या वॉर्डबॉयच्या छातीत लाथ घातलीस. पण हार मानली नाहीस, कारण तुझा हिशेब सरळ होता. नंदी म्होरक्या पकडेल, त्याच्यावर औषध निघेल, आणि बाकीचे चपला सोडून पळतील.

मग तो पोळा आला. गाठ परत आली होती, रक्त थांबत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी सणाच्या दिवशी सकाळीच तुला टेबलावर घेतलं. तू कागदावर सही करून दिली होतीस की गाठीचा तुकडा बहिणीच्या लॅबला द्यावा. मी तो गुलाबी द्रवाच्या नळीत घातला, नळी बर्फासकट थर्माकोलच्या डब्यात ठेवली. खरं तर तिथूनच नागपूर गाठायचं. पण संध्याकाळी तू दवाखान्यात भांडून सुटी घेतलीस, लघवीची थैली पायजम्याच्या नाडीला बांधली आणि म्हणालास, पोळ्याला मी घरी नाही असं होणार नाही. वहिनी माझ्या हाताला धरून म्हणाली, “बाई, तुमी सोबत चाला. हे रस्त्यात गाडीतून उतरून जातीन.” दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे रोगराई हाकलायच्या सणाची सुटी, लॅब बंदच असणार होती. डबा फ्रीजमध्ये राहिला असता. मी वणीला आले.

सकाळी उठून पाहते तर फ्रीजमध्ये डबा नाही. वहिनी म्हणाली, “ते तं घेऊन गेले. मेढ्यासंग.”

पोळ्याला दारात ठेवलेल्या पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीबाहेर नेऊन टाकतात, आणि वर्षभराचे रोग त्यांच्याबरोबर पाठवून देतात, हे मला काय कोणी सांगायला हवं होतं? लहानपणी सगळ्यात मोठ्या आवाजात तूच ओरडायचास. मी अनवाणी धावत गेले. नाल्याच्या काठावर पळसाचा ढीग पेटला होता, थर्माकोल वितळून काळा धूर सुटला होता, त्याचा घाण वास येत होता, आणि तू एका हातात रक्ताळलेल्या लघवीची थैली धरून ओरडत होतास, “खासी खोकला घेऊन जा गे मारबत, माह्या पोटातला म्होरक्या घेऊन जा गे मारबत.” अख्खी वस्ती तुझ्यामागे ओरडत होती. मला पाहून तू हसलास. “पाह्य नंदे, जित्ता भाजला त्याले.”

मी तिथेच मातीत बसले आणि ढसाढसा रडले. तुला काही समजेना.

“डब्यात म्होरक्याच होता ना?”

“हाव.”

“मंग जाळला तं रडतं कायले?”

“दादा, तो मले जिवंत पाह्यजे होता.”

“दुश्मनाले जिवंत ठेवतं? येडी झाली का तू?”

अशी चूक जगात दुसऱ्या कुठल्या पेशंटने केली असेल असं मला वाटत नाही. आणि तुझ्या बाजूने पाहिलं तर तू काय चुकलं होतंस? रोग डब्यात आहे, आज रोग जाळायचा दिवस आहे. सगळं बरोबर. फक्त त्याची भावंडं तुझ्या आत होती तशीच होती. धूर विरेपर्यंत मी तुला समजावत बसले. तो चेहऱ्यावरून ओळखू येत नाही, दादा. त्याला धरायचा, उपाशी ठेवायचा, विष पाजायचं, आणि एवढं करूनही कोण उभा राहतो ते पाहायचं. मग कळतं म्होरक्या कोण, आणि मग कळतं तो कशाने मरतो. मेलेल्याकडून काही कळत नाही.

तू काडीने विस्तव उकरलास. मग म्हणालास, “म्हन्जे आधी बयान घ्या लागते. असं पह्यलेच सांगाचं ना वं.”

पुढे गाठ पुन्हा आली तेव्हा दुसरा तुकडा माझ्याकडे तू स्वतः पाठवलास, आणि पाठवलास म्हणजे काय, ऑपरेशननंतर घरी जाण्याऐवजी गाडी नागपूरला घ्यायला लावलीस. डबा मांडीवर घट्ट धरून. वाटेत बिडी ओढली नाहीस, म्होरक्याला धूर लागेल म्हणून. नाक्यावर एका शिपायाने डबा उघडून दाखव म्हटलं तर तू खिडकीतून त्याची कॉलर धरून त्याला आत अर्धा ओढलास. लॅबच्या दारात तू डबा माझ्या हातात दिलास तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक पडला होता आणि थैली लाल झाली होती. “घे,” म्हणालास. “आता सोडू नको त्याले.”

आमच्या मॅडम म्हणाल्या, हा नमुना तू करू नकोस, दुसऱ्या कोणाला दे. मी दिला नाही. नियमाप्रमाणे नळीवर तुझं नाव नव्हतं, नुसता नंबर होता. पण मला तर ठाऊक होतं. तुझं मांस मी बशीत घेतलं आणि दोन पात्यांनी बारीक केलं, आपण भाजीवर टाकायला सांभाराची हिरवी जुडी चिरतो तसं. तू मला जन्मभर भित्री म्हणालास. तेव्हा यायला हवं होतंस. माझा हात हलला नाही. चिरलेल्यावर मी मांस विरघळवणारं द्रव्य टाकलं, जाळीतून गाळलं, आणि तुझी गाठ सुट्या सुट्या पेशींची झाली. म्होरक्यांच्या अंगावर एक खूण असते. तिलाच चिकटणारा चमकता रंग मी लावला. मग मशीन एकेक पेशी थेंबात घालून लेझरसमोरून पाठवतं, चमकणारी या नळीत, न चमकणारी त्या नळीत. संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर दोन नळ्या होत्या. एकीत तुझे म्होरके, थोडेसे. दुसरीत गरीब जनता.

मग मी त्यांचे हाल केले. म्होरक्यांना अशा बशीत टाकलं की जिथे बुडाला धरायला जागा नाही आणि खायला जेमतेम. बाकीच्या पेशी असल्या बशीत टाकल्या की मरतात. हे मरेनात. तरंगता तरंगता एकाचे दोन झाले, दोनाचे चार, आणि थोड्या दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली मोतीचुरासारखे गोळे दिसायला लागले. पेशंटला देतात तेच विष मी त्यांच्यावर ओतलं. गर्दी फुटून मेली, गोळे हादरले, झडले आणि पुन्हा उभे राहिले. उंदरांच्या कातडीखाली ते टोचले. त्यांना गाठी आल्या. मी त्या उंदरांना मारून गाठी कापून पाहिल्या. तुझी गाठ होती तशीच ती गाठ. दादा, काट्यावर तू जेवढं रक्त सांडलंस त्याहून जास्त रक्त माझ्या हातमोज्यांना लागलं आहे, आणि मला त्याबद्दल पगार मिळतो. मी तुला फोन केला, ‘सापडला.’ तू फोनवरच काट्यावरच्या लोकांना ओरडून सांगितलंस. तुझ्या त्या आवाजातला आनंद मी परत ऐकला नाही.

कारण दुसरी नळी होती. गरिबांची. ती मी बाजूला वाढत ठेवली होती, तुलनेला असावी म्हणून. काही आठवड्यांनी सहज तिला रंग लावला. जिथे एकही चमकणारी पेशी सोडली नव्हती, तिथे चमकणाऱ्या पेशी उभ्या होत्या. मला वाटलं, माझीच चूक, म्होरक्या एखादा घसरून इकडे आला असेल. मी पुन्हा केलं. मग अगदी एका खोबणीत एकच पेशी ठेवली, न चमकणारी, गरीबातली गरीब. ती वाढली, तिची पिलावळ झाली, आणि पिलावळीतली एक चमकली. म्होरक्या काढून घेतला की गप्प बसलेल्यांतला कोणीतरी म्होरक्या होतो. मी खुर्चीतून उठले आणि हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ तसाच वाहू दिला.

तोवर डॉक्टरांनी तुला सांगून झालं होतं की आता खरवडून भागणार नाही, मूत्राशय पूर्ण काढायचं, आणि लघवी पोटावर चिकटवलेल्या थैलीत येईल. तू नाही म्हणालास. “पोटावर मुताची थैली घेऊन काट्यावर उभा राहू? नंदीनं म्होरक्या धरला हाये. औषध येईन.” म्हणून मी वणीला आले. मला तुला वाचवायचं होतं. दुसरं काही मनात नव्हतं.

तू या खाटेवर बसला होतास, हातात पाण्याचा स्टीलचा गिलास. मी सांगितलं, “दादा, म्होरक्या मारून नाही भागत. म्होरक्या काढला तं गरीबातला एखादा उठते अन् म्होरक्या होते. मी डोळ्यानं पाह्यलं. पुरी पिशवीच काढून टाक. अजून टाइम हाये.”

तू गिलास हातात फिरवलास. मग म्हणालास, “मंग मी जलमभर काट्यावर काय केलं वं?”

“मी काट्याचं नाही म्हनून राह्यली.”

“तेच म्हनून राह्यली तू. म्होरके धरून हाणले मी. डोकं फुटलं, जेलात गेलो. अन् तू म्हनतं, त्याचा काही फायदा नाही. दुसरा उठतेच.”

“दादा, मी तुह्या पोटाचं बोलून राह्यली.”

“तू रोगाच्या बाजूनं बोलून राह्यली,” असं म्हणालास आणि गिलास फेकलास. पाण्यासकट. तो माझ्या भुवईवर लागला. मी बाजूला झाले नाही, कारण तू मला मारशील हे मला ठाऊकच नव्हतं. तुझ्या हातचा मार सगळ्या वणीने खाल्ला होता, मी तेवढी राहिले होते. वहिनी पदराने रक्त पुसत होती आणि तू भिंतीकडे तोंड करून म्हणालास, “नीघ.”

मी निघाले. चार टाके पडले. तू ऑपरेशनला हो म्हणाला नाहीस. रोग हाडात गेला, मग यकृतात.

त्यानंतर मी येत राहिले, पण तो विषय आपण दोघांनीही काढला नाही. तू खाटेवर वाळत गेलास. हाडं दुखायला लागली की उशी दातात धरायचास, एकदा उशीची खोळ फाडलीस. माझ्या भुवईकडे पाहायचास, मग छताकडे पाहायचास आणि विचारायचास, “जेवली का वं?” मी म्हणायची, “हाव.” एवढंच. तू माफी मागावी असं मला वाटत नव्हतं. तू एकदा म्हणावंस, ‘नंदे, तुह्यं बरोबर होतं,’ एवढं मला हवं होतं. ते न म्हणता तू गेलास, म्हणून चितेवर तुला ठेवलं तेव्हा मला दुःखाच्या आधी राग आला. अजून आहे.

आता हाताच्या फोडांचं सांगते.

आज पंगत बसली. काट्यावरचे सगळे ड्रायव्हर आले होते. मी वरणाची बादली घेऊन वाढत होते. तेवढ्यात तो ठेकेदार आला, पांढरा कडक शर्ट, मागे त्याची माणसं. कोणी बोलावलं नव्हतं, पण तेरवीला आलेल्याला नाही कसं म्हणायचं? बसला. वडे मागून घेतले. खाता खाता तुझ्या माणसांकडे पाहून म्हणाला, “भाऊ गेला, देव त्याचं भलं करो. पन काट्यावरचा कायदा बी त्याच्यासंग गेला. उद्यापासून माह्या गाड्या पह्यले. कोनाले काही बोलाचं आहे?”

तुझे एवढे दांडगे लोक, सगळ्यांनी माना पत्रावळीत घातल्या. तुझा शेषराव, जो पंचवीस वर्षं तुझ्या मागच्या गाडीवर होता, तो भात कालवत बसला. ठेकेदार हसला आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाला, “बाई, वरण वाढा.”

मी वाढलं. वगराळं भरून त्याच्या तोंडावर.

तो किंचाळून उठला तेव्हा त्याच वगराळ्याने मी त्याच्या कानशिलावर मारलं, आणि मग पुन्हा मारलं. त्याच्या एका माणसाने माझा हात पिरगळला, बादली उलटली, उकळतं वरण माझ्या मनगटावरून गेलं. मला काही जाणवलं नाही. मी दुसऱ्या हाताने त्याच्या केसांना धरलं होतं आणि सोडत नव्हते. मग मागून शेषराव उठला, मग सगळे उठले, पत्रावळी तुडवत. पुढचं तुला सांगायला नको. ती माणसं चपला सोडून पळाली, दादा. अगदी तू म्हणायचास तशी. चपला अजून अंगणात पडल्या आहेत. वहिनी म्हणते, जाळून टाकू.

सगळं निवल्यावर शेषराव माझ्या हातावर पाणी ओतत बसला. म्हणाला, “भाऊ शेवटच्या टायमाले काट्यावर आलते बाई. गाडीतून उतरवत नव्हतं, आतूनच बोलले. म्हने, माही बहीण लय शिकेल हाये. ते म्हन्ते, म्होरक्या मेला का गरीबातला एखादा उठते. तिचं बरोबर हाये म्हने. मी गेल्यावर पाह्यत राह्यजा, तुमच्यातला कोन उठते.” मग मान खाली घालून म्हणाला, “आज आमी समदे एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राह्यलो होतो. तुमच्याकडं कोनी पाह्यलंच नाही.”

पाणी संपलं तरी मी हात तसाच पुढे धरून बसले होते.

म्हणजे तू ऐकलं होतंस. मानलं होतंस. गाडीत बसून काट्यावरच्या लोकांना सांगायला गेलास, आणि मी तुझ्या उशाशी बसले होते तेव्हा विचारलंस, जेवली का. त्या लोकांसाठी माझं खरं धरलंस, दादा, मग तुझ्या पोटासाठी काहून नाही धरलं? की धरलंस तोवर उशीर झाला होता, आणि ते मला सांगायची तुला लाज वाटली? वहिनीला विचारलं. तिला माहीत नाही.

सोमवारी मी लॅबमध्ये जाईन. तुझ्या पेशी तिथे आहेत, दोन्ही बश्यांत, म्होरकेही आणि गरीबही. आता मी म्होरके शोधत नाही. गरीब कसा उठतो ते मला पाहायचं आहे, आणि उठायच्या आधीच त्याला खाली कसं बसवायचं ते. ते जमेपर्यंत मी सोडणार नाही. ‘सोडू नको’ असं तूच म्हणाला होतास.

पण ते सोमवारी. आज मी या खाटेवर बसले आहे, आणि तो गिलास इथेच खिडकीत आहे, त्याला पोचा पडला आहे. भांडण संपलं, दादा. मी जिंकले. आता ये आणि फेक. मी जागची हलणार नाही.